चाळीस मीटरला बत्तीस सेकंद

एकसमान गती शिकवायला आमच्या शाळेत सगळ्यात चांगलं साधन म्हणजे काशिराममामा. साधन म्हणते आहे, कारण मी त्यांना तसंच वापरलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला दयाळू बियाळू समजायला नको.

मी शशिकला. पनवेलच्या एका मराठी शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवते आहे. बाईंचा आवाज मोठा आणि लाल पेन त्याहून मोठं, असं मुलं माझ्या पाठीमागे म्हणतात. मला ते ठाऊक आहे आणि त्यात खोटं काही नाही. काशिराम आमचे शिपाई. शाळेत शिपायाला सगळेच मामा म्हणतात, शिक्षकसुद्धा, म्हणून ते काशिराममामा. घंटा देणं, नोटिसा वर्गावर्गांत फिरवणं, प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणं आणि संध्याकाळी कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करणं ही त्यांची कामं. मूळचे मोऱ्याचे, उरणजवळच्या बंदरावरचे कोळी. सोळाव्या वर्षापासून होडीतून धक्क्यावर आणि धक्क्यावरून टेम्पोपर्यंत मासळीच्या पाट्या डोक्यावरून नेल्या होत्या. पुढे बायको गुणाबाई पनवेलच्या बाजारात मासे घेऊन बसायला लागली, म्हणून कोळीवाड्यात खोली घेतली, आणि कुणाच्या तरी ओळखीने मामा शाळेत चिकटले.

नववीच्या पुस्तकात अंतर-काल आलेखाचा धडा आहे. माणूस चालतो, ठरावीक अंतराला वेळ मोजायची, आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर अंतर, आणि बिंदू जोडले की सरळ रेघ. पुस्तकात फार सोपं आहे. मैदानावर मुलांना चालायला सांगून बघा. एक जण लाजतो, दुसरा सैनिकासारखा पाय आपटतो, तिसरीला मैत्रिणी हसवतात आणि ती मध्येच वाकून बसते. पहिल्या वर्षी माझ्या वर्गातला एक आलेख तर उलटा डावीकडे वळला होता, म्हणजे तो मुलगा चालता चालता काळात मागे गेला असावा. मी डोकं धरून बसले होते. तेवढ्यात समोरून मामा पाण्याची कळशी घेऊन गेले.

कळशीतलं पाणी हलत नव्हतं. मी मुलांना म्हटलं, थांबा, यांना मोजा.

फक्कीने पाच-पाच मीटरवर रेघा मारल्या. चाळीस मीटर. मामा चालले. पाच मीटरला चार सेकंद, दहाला आठ, पंधराला बारा, असं करत चाळीस मीटरला बत्तीस. पुन्हा चालायला लावलं, पुन्हा बत्तीस. तिसऱ्यांदा मुलांनी बाजूने ओरडून त्यांना हसवायचा प्रयत्न केला, तरी बत्तीस. मी विचारलं, मामा, हे कसं काय जमतं? तर म्हणाले, "बाई, डोक्यावर पाटी असली का पाय इकडंतिकडं टाकून चालत नाय. बर्फाचा पानी डोल्यात येतं." मला उत्तर पटलं. त्या दिवशी वर्गातल्या छप्पन्न मुलांच्या रेघा सरळ आल्या, आणि मला मैदानात नाचावंसं वाटलं.

तेव्हापासून दर ऑगस्टमध्ये नववीसमोर मामा चालायचे. त्या दिवशी इस्त्रीचा खाकी शर्ट घालून यायचे आणि केसांना तेल. मुलं आलेखाच्या वर शीर्षक लिहायची, 'काशिराममामांच्या चालण्याचा अंतर-काल आलेख'. सगळ्यात सुबक आलेख मी प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावायची. मामा भांडी धुता धुता त्याच्याकडे बघत उभे राहायचे. चौथीपर्यंत शिकलेले होते, स्वतःचं नाव वाचता यायचं. एकदा मला म्हणाले, "ही वर जाती ती रेघ म्हंजे मी काय?" मी म्हटलं, हो, तुम्हीच. त्यांना तो कागद हवा होता. त्यांनी मागितला नाही आणि माझ्या डोक्यात आलं नाही.

आता जर्नलबद्दल सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं आहे. प्रयोगवहीला आमच्याकडे जर्नलच म्हणतात. एकदा कुठल्याही प्रयोगाचं 'बरोबर' उत्तर सापडलं, की ते दादाकडून ताईकडे आणि ताईकडून धाकट्या भावाकडे जर्नलमधूनच जातं. बाहेरचे परीक्षक येतात, पानं उलटतात, रेघ सरळ दिसली की सही करतात. वाकडी दिसली की गुण कापतात आणि वर शिक्षिकेकडे बघतात. मग शिक्षिका काय करणार? मीच मुलांना सांगायची, बत्तीसच्या आसपास यायला पाहिजे. दोन-तीन वर्षांनी 'आसपास' गेलं. प्रयोगाच्या दिवशी मुलं मैदानावर यायची ती आकडे आधीच वहीत लिहून. मामा चालायचे, मुलं घड्याळाकडे बघितल्यासारखं करायची, आणि मी शिट्टी मारून जांभळाच्या सावलीत दुसऱ्या तुकडीच्या वह्या तपासायला बसायची. खरं सांगायचं तर पाच-सहा वर्षं मामांना कुणी मोजलंच नव्हतं.

आणि मग दोन हजार नऊ साली सायमा आली.

सायमा नववी ब मधली. वडील कुवेतला, आई आणि आजी इथे. गप्प मुलगी, पण गप्प राहून हट्टी. वडिलांनी तिला एक घड्याळ पाठवलं होतं, मधल्या मधल्या वेळा साठवून ठेवणारं. प्रयोगाच्या दिवशी ती एका जागी उभी राहिली नाही. मामांच्या बाजूने चालत गेली आणि प्रत्येक रेघेवर बटण दाबत गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आलेख ठेवला. पाच मीटरला चार सेकंद, दहाला आठ. इथपर्यंत ठीक. मग पंधराला तेरा, विसाला अठरा, पंचविसाला चोवीस, तिसाला तीस, पस्तिसाला छत्तीस, आणि चाळिसाला त्रेचाळीस. रेघ सरळ वर जाण्याऐवजी थकल्यासारखी आडवी होत गेलेली.

मी म्हटलं, "हे काय गं? सगळ्या वर्गाची सरळ आणि तुझीच कशी वाकडी?"

"बाई, मी स्वतः मोजलं."

"वर्गात पंचावन्न मुलांनी मोजलं."

ती जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "त्यांनी नाही मोजलं, बाई. आणि मामा शेवटी शेवटी पाय ओढत होते. वाळूतून चालल्यासारखे."

मला राग आला. पोरगी खोटं बोलते म्हणून नव्हे. पोरगी माझ्या वर्गात खरं बोलत होती आणि तेही सगळ्यांसमोर, म्हणून. हे आज कळतं आहे; तेव्हा वाटलं, उद्धट आहे. मी लाल पेन घेतलं, आलेखावर तिरकी फुली मारली, खाली लिहिलं, 'चूक. पुन्हा काढणे', सही केली, तारीख टाकली, पान जर्नलमधून टरकन फाडलं आणि टोपलीत टाकलं. घड्याळाचा सेल बदल, असंही वर म्हणाले. वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी सायमाने बत्तीस सेकंदांचा सरळ आलेख आणून दिला. त्यानंतर दोन वर्षं त्या मुलीने मला एकही खरा आकडा दाखवला नाही. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

त्या वर्षापासूनच मामांच्या हातून वस्तू पडायला लागल्या. परीक्षानळ्या, बीकर, एकदा तर स्पिरिटचा दिवा. चहाचा ट्रे आणताना बशीत अर्धा चहा. शर्टाचं वरचं बटण कायम उघडं. मी एकदा म्हटलं, मामा, हातात बोंबील धरलाय का? ते हसले. म्हणाले, "बाई, बोटांना कलतच नाय काय धरलाय ते." ही तक्रार आहे हे मला समजलंच नाही. मला वाटलं, मामा विनोद करतायत. जिना उतरताना ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरायचे. स्टाफरूममध्ये कुणीतरी हाताने पेला तोंडाला लावायची खूण केली आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. कोळीवाड्यातला माणूस, तोल जातो, हात थरथरतात, आणखी काय असणार. तोंडाला वास येतो का, हे जवळ जाऊन कुणी बघितलं नाही. मीही नाही. आम्ही सगळी शिकलेली माणसं.

दोन हजार दहाच्या नोव्हेंबरमध्ये मामा सातवीच्या वर्गासमोर जिन्यावरून कोसळले. हातात काचेच्या भांड्यांचा ट्रे होता. एका मुलीच्या पायाला काच लागली, चार टाके पडले. तिच्या पालकांनी शाळा डोक्यावर घेतली. कमळाकर सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, माणूस वाईट नाही, पण भानगड म्हटली की त्यांचा जीव खालीवर होतो. त्यांनी कागद तयार केला. शाळेच्या वेळेत मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत आढळले. साक्षीदार म्हणून दोन सह्या हव्या होत्या. एक पीटीच्या सरांनी केली. दुसरी मी.

मामा केबिनबाहेर बाकावर बसले होते. मी बाहेर आले तर उठायला गेले, दोन हात बाकावर टेकून, तरी उठवेना. म्हणाले, "बाई, तुमी तरी सांगा त्याना. मी पीत नाय. मोऱ्याला व्हतो तवा पन नाय, शिमग्याला पन नाय." मी म्हटलं, बघू मामा. या 'बघू'चा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो. त्यांनाही माहीत होता.

मामा घरी बसले. चौकशी होणार होती, ती झालीच नाही. त्यांच्या जागी दुसरा माणूस आला.

पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये बाजारात गुणाबाईंनी मला हाक मारली. मी इतकी वर्षं त्यांच्याकडून कोलंबी घेत होते आणि या मामांच्या बायको हे मला माहीतच नव्हतं. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कोयत्यावरचे हात धुतले आणि पिशवीतून एक चिठ्ठी काढली. "बाई, ह्यो कागद वाचून द्या. डाक्टर म्हनतो मुंबैला न्या. मानूस आता उबा रात नाय. शर्ट मीच घालतंय त्याला." मी चिठ्ठी वाचली. मानेच्या नसांचा आजार असावा असं लिहिलं होतं, आणि खाली, व्यसन नाही.

मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात मी त्यांच्याबरोबर गेले. गेले म्हणजे उपकार केले नाहीत. घरी बसवलंच नसतं मला. तिथल्या डॉक्टरीण बाई तरुण होत्या, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. फोटो उजेडावर धरून त्यांनी दाखवलं. मानेच्या मणक्यांमधली जागा कमी झाली होती आणि मज्जारज्जू तिथे चेपला गेला होता. डोक्यावर वर्षानुवर्षं ओझं वाहणाऱ्यांमध्ये आम्ही हे बघतो, असं त्या म्हणाल्या. पाय जड होतात, हातातल्या वस्तू पडतात, बटण लागत नाही. लोकांना वाटतं माणूस पिऊन आलाय.

"कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"ह्या शिमग्यापासून जास्ती," गुणाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीण बाईंनी मान हलवली. "नाही. हे निदान दोन-तीन वर्षांचं आहे. सुरुवातीला आला असता तर ऑपरेशन करून हा माणूस कामावर परत गेला असता. तेव्हा फक्त चालणं हळू झालेलं असतं, दुसरं काही दिसत नाही. कुणीतरी त्यांचं चालणं नीट बघायला हवं होतं. आता ऑपरेशन केलं तर आहे ते आणखी बिघडणार नाही, इतकंच. गेलेलं परत येणार नाही."

खोटं कशाला सांगू, मला तिथे सायमा आठवलीसुद्धा नाही. मला फक्त माझी ती कागदावरची सही आठवत होती.

ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन झालं. आहे ते बिघडलं नाही. मामा खाटेवर होते आणि खाटेवरच राहिले. डॉक्टरांच्या कागदाची प्रत घेऊन मी कमळाकर सरांकडे गेले. म्हटलं, माझी सही मला मागे घ्यायची आहे, आणि तो मद्यप्राशनाचा शेरा खोडा. माणूस आजारी होता. सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "शशिकलाबाई, तो कागद वर गेलाय. आता खोडला तर तुम्ही खोटी साक्ष दिलीत असं होईल, आणि मी खोटा अहवाल पाठवला असं. दोघांच्याही नोकरीची आठ-दहा वर्षं राहिली आहेत. मामांना आपण बाकी मदत करू ना." मी पाच वेळा गेले. पाचव्या वेळी ते केबिनमध्ये असून नाहीत असं नव्या शिपायाने सांगितलं. त्याहून वर जायची मला हिंमत झाली नाही. लिहून टाकते, झाली नाही.

जानेवारीत मी कोळीवाड्यात त्यांच्या घरी गेले, हेच सांगायला, की मामा, तो दारूचा शेरा पुसला जाणार नाही. बाजारापासून दहा मिनिटांचं अंतर. इतक्या वर्षांत मी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं.

खोली स्वच्छ होती. दारात जाळं वाळत घातलं होतं, शेजाऱ्याचं. मामा खिडकीकडे तोंड करून पडले होते, दाढी केलेली, केसांना तेल. गुणाबाईंनी मला स्टूल दिलं. मी बसले, बोलायला तोंड उघडलं, आणि समोरच्या भिंतीवर माझं लक्ष गेलं.

एकवीरा आईच्या फोटोशेजारी एक आलेख होता. प्लॅस्टिकचा कागद लावून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेला. वर निळ्या शाईत नाव, 'काशिराममामांच्या चालण्याचा अंतर-काल आलेख'. एका बाजूला फाटलेली कड. मधून लाल तिरकी फुली. खाली माझ्या अक्षरात 'चूक. पुन्हा काढणे', माझी सही, ऑगस्ट दोन हजार नऊ. आणि फुलीच्या मागे ती रेघ, आधी वर जाणारी आणि मग थकल्यासारखी आडवी होत गेलेली.

डॉक्टरांनी विचारलं होतं ते सगळं त्या कागदावर होतं. कधीपासून, किती, कुठल्या मीटरनंतर. अडीच वर्षं हा माणूस त्या कागदाखाली झोपत होता, आणि त्याला तो वाचता येत नव्हता. ज्या बाईला वाचता येत होता तिने तो टोपलीत टाकला होता.

"तुमच्या टोपलीत गावला," मामा म्हणाले. मी कुठे बघते आहे ते त्यांच्या लक्षात आलं होतं. "कचरा टाकाया गेलो तवा. माझा नाव व्हता वर, म्हनून आनला. भितीवरचे चांगले कागद तुमचे, ते कसे मागनार? ह्यो तर तुमी टाकलेलाच व्हता." मग म्हणाले, "बाई, फुली हाय त्याच्यावर. त्या पोरीचा चुकला व्हता काय?"

मी म्हटलं, "नाही मामा. पोरगी बरोबर होती."

ते भिंतीकडे बघत राहिले.

"मंग मीच चुकलो व्हतो," ते म्हणाले. "त्या दिशी पाय जड व्हते माझे. मना वाटला, तुमाला कलनार नाय."

मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं. आकडे आधीच लिहिलेले असायचे ते, मी सावलीत बसायची ते, त्या मुलीला काय बोलले ते, आणि डॉक्टरीण बाई जे म्हणाल्या त्याचा अर्थ काय ते. केबिनमधल्या सहीचं सांगितलं, आणि तो शेरा पुसला जाणार नाही हेही. माझा मोठा आवाज त्या खोलीत कुठे गेला कोण जाणे. गुणाबाई चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांचा हात थांबला होता. त्या वळल्या नाहीत. त्यांनी मला घराबाहेर काढायला हवं होतं, मी वाट बघत होते.

मामांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, रडतायत. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"मंग आता पोरांम्होरं कोनाला चालवता?"

"कोणालाच नाही, मामा. मैदानात नवी इमारत उभी राहतेय. चाळीस मीटर सरळ जागाच उरली नाही."

"मंग आलेख?"

"जर्नलमधून उतरवून घेतात," मी म्हटलं. "तुमचेच आकडे."

"बत्तीस?"

"बत्तीस."

त्यांनी मान फिरवता येईल तेवढी चुलीकडे फिरवली. चादरीखाली पाय जसे होते तसेच होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर मला जुनं हसू दिसलं.

"आयकलास काय गो?" ते गुणाबाईंना म्हणाले. "बाईंच्या सालंत मी अजून चालतंय. बत्तिसातच जातंय."